जाईबाई चौधरी आणि आमच्या मुलींची प्रकल्पवही

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा शाळेच्या वाटचालीचा आढावा आमच्याकडून अपेक्षित असावा. निकालाची टक्केवारी, नवे वर्ग आणि वसतिगृहातील सोयी यांविषयी इतर सहकारी आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहितील. आम्हाला मात्र इयत्ता नववीतील सहा मुलींच्या एका प्रकल्पवहीविषयी लिहायचे आहे. त्या वहीने इतिहासाचे शिक्षक म्हणून आमची परीक्षा घेतली, आणि पहिल्या प्रयत्नात आम्ही त्या परीक्षेत उत्तीर्ण झालो नाही.

थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणण्याचा प्रकल्प प्रत्येक शाळेत दिला जातो. तो कसा पूर्ण होतो, हे पालकांस ठाऊक आहे. आर्णीच्या मुख्य रस्त्यावरील एखाद्या दुकानातून दहा रुपयांचा चित्रांचा तक्ता आणला जातो. मोबाइलवरून चार परिच्छेद उतरविले जातात, शीर्षकाभोवती वेलबुट्टी काढली जाते आणि गुण मिळतात. दहा मुलांच्या दहा वह्यांत तीच वाक्ये, तीच विशेषणे आणि शुद्धलेखनाची तीच चूक आढळते. एकच मजकूर दहा ठिकाणी दिसला म्हणून तो दहा साक्षीदारांनी सांगितला असे होत नाही, हे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. तरीही गुण देताना आम्ही हात आखडता घेतला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

यंदा आम्ही एक अट घातली. व्यक्ती विदर्भातील हवी, आणि पाठ्यपुस्तकात जिच्यावर धडा नाही अशी हवी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा १९८९ सालचा ग्रंथ आमच्या संग्रही आहे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग त्या दोघींनी गावोगाव हिंडून, वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून नोंदविला. आम्ही तो ग्रंथ मुलींच्या हाती दिला. त्याच्या वाचनातून आणि इतर टिपणांतून त्यांनी जाईबाई चौधरी यांची निवड केली.

वाचकांपैकी अनेकांना हे नाव नवे असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूर जिल्ह्यातील उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळात हे कुटुंब नागपुरास आले. लहान वयातच त्यांचा विवाह झाला. संसाराला हातभार म्हणून त्यांनी नागपूर आणि कामठी यांच्या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहण्याची हमाली केली. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची दृष्टी या कष्टकरी मुलीवर गेली. त्यांच्या साहाय्याने जाईबाई शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. शिकविणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी विरोध केला आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली. पुढे किसन फागूजी बनसोड यांच्या जागृतीच्या कार्याचा प्रभाव त्यांच्यावर पडला, आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात ‘संत चोखामेळा कन्या शाळा’ काढली. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले होते. तेथे जेवणाच्या वेळी त्यांना इतर प्रतिनिधींपासून वेगळे बसविण्यात आले. या अपमानाचा निषेध करण्यासाठी १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा घेतली.

एका आयुष्याविषयी एवढीच माहिती हाती असताना वहीची चाळीस पाने कशी भरायची, हा मुलींपुढील पहिला प्रश्न होता. त्यांनी तो आपल्या परीने सोडविला. कच्च्या मसुद्यात आम्ही वाचले की, दिवसभर ओझी वाहून थकलेल्या जाईबाई रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून धडे गिरवीत. वाक्य सुरेख होते. आम्ही त्याखाली ‘छान’ असा शेरा दिला.

दुसऱ्या दिवशी त्याच गटातील एका मुलीने विचारले, “सर, रस्त्याच्या दिव्याखाली सगळ्याच थोर लोकांनी अभ्यास केला का?” वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो. मग आम्ही विचारले, की ही माहिती कोठे मिळाली. ती मुलगी म्हणाली, “तुम्हीच सावित्रीमाईंच्या जयंतीला सांगितली होती, सर.”

त्या क्षणी आमची जी अवस्था झाली ती लपविण्याचे कारण नाही. ३ जानेवारीच्या कार्यक्रमात जाईबाईंचा उल्लेख आम्ही केला होता, आणि भाषणाच्या ओघात तो दिवाही लावला होता. कोणत्याही ग्रंथात आम्ही तो वाचलेला नव्हता. इतर अनेक चरित्रांतून तो आमच्या मनात येऊन बसला होता, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी यावे या मोहापायी जिभेवर आला होता. इतिहासात एम. ए. केलेल्या शिक्षकाने एका खऱ्या स्त्रीच्या खऱ्या कष्टांवर उसन्या दिव्याचा प्रकाश पाडला. तो दिवा आता एका मुलीच्या वहीत शाईने उतरला होता. आम्ही ‘छान’ हा शेरा खोडला आणि वर्गासमोर चूक कबूल केली.

त्यानंतर वहीसाठी तीन शायांचा नियम ठरला. लिखित आधाराने जे कळले ते निळ्या शाईने लिहायचे. जाणत्या माणसांकडून जे ऐकले ते हिरव्या शाईने लिहायचे आणि सांगणाऱ्याचे नाव नोंदवायचे. आपला स्वतःचा तर्क असेल तो तांबड्या शाईने लिहायचा, आणि तो तर्क कशावरून बांधला हेही द्यायचे. ही कल्पना आमची असली तरी तिचे मूळ बाबासाहेबांच्या लेखनात आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच प्रश्न हाताळला आहे. पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे इतिहासकाराने काय करावे? हात जोडून बसू नये, कल्पनाशक्ती व तर्क वापरून दुवा जोडावा, परंतु तो सिद्धान्त तपासणीसाठी मांडलेला आहे हे उघडपणे सांगावे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांतून आलेल्या या विद्वानाला ज्या शिस्तीची गरज वाटली, ती आमच्या नववीच्या वर्गाला का नसावी?

नियमाचा उपयोग लगेच दिसला. ३० मे ते १ जून १९२० या काळात नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. बाबासाहेबही त्या परिषदेत होते. दोनच वर्षांनी जाईबाईंची शाळा निघाली. एका मुलीने उत्साहाने लिहिले की, त्या परिषदेत जाईबाईंनी बाबासाहेबांचे भाषण ऐकले आणि शाळा काढण्याचा निश्चय केला. दुसरीने ते वाक्य दोन भागांत तोडले. परिषद झाली हे निळ्या शाईत राहिले. परिषदेमुळे नागपूरच्या वस्त्यांत शिक्षणाची चर्चा वाढली असावी आणि ती जाईबाईंपर्यंत पोहोचली असावी, एवढे तांबड्या शाईत गेले. भाषण ऐकल्याचा प्रसंग वहीतून बाद झाला. हे काम त्या मुलींनी आपसांत वाद घालून केले. आम्ही फक्त ऐकत होतो.

पुरावा मागितला की वर्णन कोरडे होते, असा एक आक्षेप घेतला जातो. अनुभव उलट आला. नागपूर ते कामठी हे अंतर सुमारे सोळा किलोमीटर. आमच्या मैदानाची एक फेरी अडीचशे मीटरची, म्हणजे एका खेपेला चौसष्ट फेऱ्या. मुलींनी स्वयंपाकघरातून घमेले मागून घेतले, त्यात बारा किलो तांदूळ घातला, जुन्या ओढणीची चुंबळ केली आणि आळीपाळीने डोक्यावर घेऊन चालू लागल्या. सहा जणी मिळून एकोणिसाव्या फेरीला थांबल्या. त्या संध्याकाळी वहीत जे पान लिहिले गेले त्यात ‘अपार कष्ट’ हा शब्द नव्हता. मानेची शीर कशी ताठते, घाम डोळ्यांत गेला तरी पुसायला हात कसा मोकळा नसतो, हे त्यात होते. खाली तांबड्या शाईत लिहिले होते : ‘हा आमचा अनुभव आहे. जाईबाईंचे ओझे यापेक्षा जड असावे.’ ज्यांच्या आया आजही वेचणीच्या दिवसांत कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन शेतातून घरी येतात, त्या मुलींना जाईबाईंचे ओझे समजण्यासाठी दिव्याच्या गोष्टीची गरज नव्हती.

खरी कसोटी मात्र शाळेच्या नावापाशी लागली. जाईबाईंची शाळा ‘संत चोखामेळा’ यांच्या नावाची. वहीतील काही भाग या स्मरणिकेत छापावा असे ठरले तेव्हा शाळेवर मनापासून प्रेम करणाऱ्या एका ज्येष्ठ हितचिंतकांनी सुचविले, की केवळ ‘कन्या शाळा’ असे छापावे. आपली संस्था धम्माच्या मार्गाने चालणारी. विठ्ठलाच्या पायरीशी नाते सांगणारे नाव मुलांपुढे कशाला? मिशनरी बाईंचा उल्लेखही थोडक्यात आटोपावा, असेही त्यांचे म्हणणे होते. या सूचनेमागील तळमळ आम्ही जाणतो. जुन्या देवळाकडे पाठ फिरविताना आपल्या समाजाने काय किंमत मोजली, हे त्यांनी स्वतः अनुभवले आहे.

तरीही आम्ही ही सूचना स्वीकारली नाही, आणि त्याची कारणे येथे जाहीरपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे.

१९२२ हे साल लक्षात घ्यावे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली निघाली. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. येवल्याची घोषणा १९३५ ची. दीक्षाभूमीवरचा सोहळा १४ ऑक्टोबर १९५६ चा. म्हणजे जाईबाईंनी मुलींना पाटीवर अक्षरे गिरवायला दिली तेव्हा धम्मदीक्षेला चौतीस वर्षांचा अवकाश होता. त्या काळात विदर्भातील आपल्या समाजात चोखोबा हे स्वाभिमानाचे एक नाव होते. आमच्यातही संत झाला, हे सांगण्याचा तो मार्ग होता. पुढे समाजाने तो मार्ग सोडला, आणि योग्यच केले, असे आमचे मत आहे. परंतु आपण कोठून निघालो हे पुसून टाकले, तर आपण किती दूर आलो हे मुलांना कसे मोजता येईल? स्वतः बाबासाहेबांनी उपरोक्त ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. जे नाव त्यांना आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर चालले, ते आमच्या स्मरणिकेत का चालू नये?

तेच ग्रेगरी बाईंच्या बाबतीत. जाईबाईंच्या हाती पाटी देणारी स्त्री परधर्मीय होती, परदेशी होती. ती आपल्या चळवळीतील नव्हती. तिचे ऋण नोंदविल्याने जाईबाईंचे कर्तृत्व तिळभरही कमी होत नाही. उपकाराची नोंद न ठेवणे ही गोष्ट कृतज्ञतेला गुण मानणाऱ्या धम्माला धरून नाही.

“मुलांना आदर्श द्या, शंका कशाला शिकवता?” असा प्रश्न एका पालकांनी सभेत केला. प्रश्न प्रामाणिक होता. आमचे उत्तर असे की, आदर्श आणि शंका यांत वैर नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीचा धोका दाखविला. त्याआधी, जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर व्याख्यान देताना विभूतिपूजेवर त्यांनी कठोर टीका केली. अशा महापुरुषाचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनी चरित्राच्या नावाखाली आरत्या लिहाव्यात, हे शोभणारे नाही.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. आपल्या पूर्वजांचा इतिहास ज्यांना मान्य करायचा नसतो, ते आपल्या लेखनातील एक खोटा प्रसंग शोधतात आणि त्यावर बोट ठेवून दहा खरे प्रसंग नाकारतात. त्यांच्या हाती ते कोलीत आपणच का द्यावे? ज्यांच्याकडे ताम्रपट, सनदा आणि दरबारी बखरी होत्या, त्यांचा इतिहास एखाद्या दंतकथेने बिघडत नाही. आपल्याजवळ कागद थोडे. म्हणून प्रत्येक कागद खणखणीत हवा.

या कामी आपल्यापुढे चांगदेव भवानराव खैरमोडे यांचे उदाहरण आहे. बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांनी पत्रे, कात्रणे आणि आठवणी जमविण्यास सुरुवात केली. चरित्राचा पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध झाला. १९७१ साली ते गेले तेव्हा काम चालूच होते. पुढील अनेक खंड त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले आणि चरित्र बारा खंडांचे झाले. आज बाबासाहेबांवर कोणीही काही लिहावयास बसला की त्याला खैरमोडे यांच्याकडे जावेच लागते. त्या माणसाने कागद जपले नसते, तर आज किती गोष्टी उसन्या दिव्यांच्या प्रकाशात पाहाव्या लागल्या असत्या?

मुलींची वही पूर्ण झाली तेव्हा मुखपृष्ठावरील चित्राचा प्रश्न उरला. त्यांच्या हाताशी जाईबाईंचे छायाचित्र नव्हते. चित्रकला चांगली असलेल्या मुलीने एक चेहरा रेखाटला. बाकीच्या म्हणाल्या, ‘या तर सावित्रीमाईच दिसतात.’ चित्रकार मुलीला ते पटले. तिने नवे चित्र काढले. त्यात एक स्त्री पाठमोरी चालली आहे, डोक्यावर ओझे आहे आणि समोर लांबवर रस्ता गेला आहे. खाली लिहिले आहे : ‘कल्पनाचित्र’. अक्षरे अर्थात तांबड्या शाईत आहेत.

शेवटी एक वैयक्तिक गोष्ट सांगून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती करतो. ही वही वाचताना आम्हास आमच्या आजीची आठवण झाली. कापूस वेचणाऱ्या, अंगठा उठविणाऱ्या त्या बाईने घरातील सर्वांस शाळेत घालण्याचा हट्ट धरला, म्हणून आम्ही फळ्यापुढे उभे राहू शकलो. तिचे माहेर कोणते, लग्नापूर्वीचे नाव काय, ती १९५६ साली नागपुरास गेली होती की नाही, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले. आम्ही मराठ्यांच्या आणि मोगलांच्या सनावळ्या पाठ केल्या. जिच्या मांडीवर बसून भाकर खाल्ली तिला एक प्रश्न विचारला नाही. आता विचारण्यास ती नाही, आणि ज्यांना ठाऊक होते तेही नाहीत.

आपल्यावर ही वेळ येऊ देऊ नये. दीक्षाभूमीवर उभे राहून बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आपल्या गावांत अजून थोडी आहेत. तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते, त्यांनी आज ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. अरुणावतीच्या काठच्या प्रत्येक वस्तीत कोणी तरी पहिली मॅट्रिक झालेली मुलगी असेल, पहिला शिक्षक असेल, रात्रशाळेसाठी आपल्या ओसरीचा कंदील देणारी एखादी म्हातारी असेल. दिवाळीच्या सुटीत घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अशा एका व्यक्तीजवळ बसावे. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवावे, हिरव्या शाईने. भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रांच्या मागे त्यातील माणसांची नावे व साल पेन्सिलीने लिहावे. जुनी पत्रे, दाखले, निमंत्रणपत्रिका, मानपत्रे आणि सभेची हस्तपत्रके रद्दीत घालू नयेत. माजी विद्यार्थ्यांनी ती शाळेत आणून द्यावीत. आम्ही त्यांच्या प्रती काढून मूळ कागद परत करू. ग्रंथालयातील एक कपाट आम्ही या कामासाठी रिकामे केले आहे.

त्या कपाटात आज एकच वही आहे. चाळीस पानांची म्हणून ठरली होती, ती सतरा पानांची झाली. उरलेली तेवीस पाने मुलींनी कोरी ठेवली आहेत, आणि पहिल्या कोऱ्या पानावर लिहिले आहे, की पुढच्या वर्गाला जाईबाईंविषयी खरे असे काही सापडले तर त्यांनी ते येथे लिहावे.

जय भीम.